मोजलेला वाघ आणि चालणारा वाघ

दरवर्षी २९ जुलैला, म्हणजे जागतिक व्याघ्र दिनाला, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्राफ फिरतो. तुम्हीही पाहिला असेलच. २००६ साली १४११ वाघ, २०१० ला १७०६, २०१४ ला २२२६, २०१८ ला २९६७ आणि २०२२ ला ३६८२. सरळ वर चढत जाणारी रेघ, मागे डरकाळी फोडणारा वाघ आणि खाली छाती फुगवून लिहिलेली एक ओळ.

आमच्या पिढीला यातला पहिला आकडा तर पाठच आहे. २०१० च्या सुमारास आम्ही शाळेत होतो. टीव्हीवर आईची वाट बघत बसलेल्या बछड्याची जाहिरात लागायची आणि सांगितलं जायचं, फक्त १४११ उरलेत! त्यामुळे ३६८२ वाचून बरं वाटतं, हे खरंच. जगातले जवळपास तीन चतुर्थांश रानटी वाघ आज आपल्या देशात आहेत. असा ग्राफ क्लायंटला दाखवायला मिळाला तर आमचा मॅनेजर अख्ख्या टीमला पार्टी देईल :)

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस आकडा खोटा आहे म्हणून बोंब मारणार. अजिबात नाही. हा आकडा बऱ्यापैकी विश्वास ठेवण्यासारखा आहे, आणि तो का आहे हेही सांगतो. माझं म्हणणं वेगळं आहे. वाघ टिकणार की नाही, हे यापुढे एकूण आकड्यावरून कळायचं नाही. एका जंगलातला वाघ दुसऱ्या जंगलात जिवंत पोचतो का, आणि त्याच्या वाटेवर ज्यांची गावं आहेत ती माणसं सुखरूप राहतात का, यावरून ते कळेल. आणि नेमक्या या दोन गोष्टी त्या ग्राफवर नाहीत.

पण आधी थोडा इतिहास. त्याशिवाय मजा नाही.

१९७२ साली देशात पहिल्यांदा वाघांची देशव्यापी मोजणी झाली आणि आकडा आला १८२७. शिकार, जंगलतोड, कातड्यांचा व्यापार, सगळ्याचा हा हिशोब होता. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला. सुरुवातीला नऊ जंगलं घेतली, त्यात आपलं मेळघाट होतं. कैलास सांखला हे या प्रकल्पाचे पहिले संचालक. पुढे आकडे वाढत गेले. १९८९ मध्ये ४३३४ वाघ! सगळीकडे आनंदीआनंद.

हे वाघ मोजायचे कसे? तर पायाच्या ठशांवरून. १९६६ च्या सुमारास ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी ही पद्धत बसवली. वनरक्षकांनी ठरलेल्या दिवसांत जंगल पिंजून काढायचं, वाघाच्या मागच्या डाव्या पावलाचा ठसा शोधायचा, त्यावर काच ठेवून तो गिरवून घ्यायचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये उचलायचा. मग साहेब लोकांनी ठसे शेजारी शेजारी ठेवून ठरवायचं की हे किती वेगवेगळे वाघ आहेत. त्या काळात, त्या पैशात, ही कल्पना चांगलीच होती. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा उमटतो, वाळूत वेगळा, चढावर वेगळा. गिरवणाऱ्याचा हात वेगळा. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे ज्याच्या कामाचं मोजमाप करायचं, तोच मोजणारा. वाघ कमी भरले तर वरून विचारणा, वाढले तर कौतुक. डेव्हलपरनेच आपला कोड टेस्ट करायचा आणि त्यानेच "पास" लिहायचं, असा प्रकार. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

झालंही तेच. दिल्ली आणि जयपूरच्या मधे, अलवर जिल्ह्यात सारिस्का नावाचं जंगल आहे. २००४ साली तिथे कागदावर १६ ते १८ वाघ होते. त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी वाघ दिसेनासे झाले. २००५ च्या मार्चमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या माणसांनी जाऊन शोधलं, तर तिथे वाघ शून्य! एकही नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि रजिस्टरमधले वाघ मात्र ठणठणीत होते. स्टेटस रिपोर्ट हिरवागार आणि सर्व्हर कधीचा बंद पडलेला, असं काहीतरी.

नंतर मध्य प्रदेशातल्या पन्नामध्येही तेच झालं. २००९ पर्यंत तिथलेही सगळे वाघ गेले.

सारिस्काने देशाला हादरवलं हे मात्र चांगलं झालं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमला, त्याचा अहवाल २००५ मध्येच आला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालं. आणि मोजणीची पद्धत बदलली.

आता जरा आमच्या आवडीचा विषय. वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे आपल्या बोटांच्या ठशांसारखे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाची डावी बाजू आणि उजवी बाजूसुद्धा सारखी नसते. म्हणून जंगलातल्या पायवाटेवर दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो. मग सॉफ्टवेअर पट्टे जुळवून सांगतं की हा कालचाच वाघ की नवा. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत ही पद्धत १९९० च्या दशकातच वापरून दाखवली होती, आणि ठशांची पद्धत फसवी आहे हे ते तेव्हापासून घसा फोडून सांगत होते.

यातलं गणित सोपं आहे. समजा तुम्ही एखाद्या मोठ्या कंपनीच्या गेटवर उभे आहात आणि आत किती लोक काम करतात हे तुम्हाला माहीत नाही. पहिल्या दिवशी शंभर जणांचे चेहरे टिपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर टिपले, त्यात पंचवीस चेहरे कालचेच निघाले. म्हणजे कालचे शंभर हे एकूण लोकांच्या साधारण पाव हिस्सा असणार, म्हणून एकूण चारशेच्या आसपास. झालं! वाघांच्या बाबतीत हेच गणित जास्त काळजीपूर्वक करतात. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कधीच न आलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो, आणि चूक किती असू शकते तेही सांगता येतं.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. एकूण फोटो निघाले जवळपास साडेतीन कोटी. त्यात वाघांचे ७६,६५१, आणि त्यातून पट्ट्यांवरून ओळख पटलेले वेगवेगळे वाघ २४६१. गिनीज बुकात नोंद झाली या कामाची. २०२२ मध्ये तर ३२,५८८ ठिकाणं आणि पावणेपाच कोटींच्या घरात फोटो. साडेतीन कोटी फोटोंतून चितळ, सांबर, रानडुक्कर आणि गुराख्याच्या शेळ्या बाजूला काढून वाघ शोधायचा म्हणजे काय डोकेदुखी असते, हे इमेज प्रोसेसिंगवर काम केलेल्या कुणालाही विचारा. खरंच सलाम आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. २०१४ मध्ये कॅमेऱ्यांची ठिकाणं होती ९,७३५. पुढच्या खेपेला ती अडीच पटींहून जास्त झाली. जास्त ठिकाणी बघितलं की जास्त वाघ दिसणार, म्हणजे ग्राफची चढण सगळीच्या सगळी नव्या जन्मांची नाही. तरीही वाघ वाढलेत हे नक्की. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ होते, २०२२ मध्ये ४४४.

असो. तर मोजणी सुधारली. आता खरा प्रश्न. हे वाढलेले वाघ राहतात कुठे?

वाघाचा बछडा साधारण दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. त्याला स्वतःचा इलाका लागतो. आपल्याकडच्या जंगलात वाघिणीला काही दशक चौरस किलोमीटर लागतात आणि नराला त्याहून जास्त. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र आहे सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि भोवतीचं बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत. आत जागा भरली की तरुण वाघ बाहेर पडणार. त्याला आपली गॅझेटमधली हद्द कोण समजावणार? देशातले साधारण एक तृतीयांश वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या बाहेर वावरतात असा अंदाज आहे. ताडोबाच्या शेजारचं ब्रह्मपुरी वनक्षेत्र हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे भरपूर वाघ आहेत आणि तो व्याघ्र प्रकल्प नाही.

बाहेर पडलेला वाघ काय करतो, हे एका वाघाने आपल्याला फार छान दाखवलंय. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर नावाचं छोटं अभयारण्य आहे, दीडशे चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तिथल्या एका तरुण नराला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये साहेब घराबाहेर पडले. तेलंगणातून फिरून पुन्हा महाराष्ट्रात, मग शेतं, कालवे, ओढे, हायवे ओलांडत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचले. नऊ महिन्यांचा सगळा हिशोब केला तर साधारण ३००० किलोमीटर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं वॉकर.

गंमत म्हणजे तो चालायचा बहुतेक रात्री. विदर्भ-मराठवाड्याच्या ऐन वस्तीतून एक वाघ महिनोन् महिने जातोय आणि बहुतेकांना पत्ताच नाही! या सगळ्या काळात माणसाशी त्याची गाठ पडली ती एकदाच, तो झुडपात झोपला असताना काही लोक तिथे घुसले आणि एक जण जखमी झाला.

आणि इतकं चालून मिळालं काय? ज्ञानगंगेत जागा होती, खायला होतं, पण वाघीण नव्हती. एकही नाही.

आता बघा. ग्राफमध्ये हा वाघ टिपेश्वरला असला काय आणि ज्ञानगंगेत असला काय, धरला जातो एकच. आकड्यात काही फरक नाही. पण वाघ या प्राण्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे. वाघिणीविना एकटा वाघ म्हणजे त्या जंगलापुरता पूर्णविरामच की.

तुम्ही म्हणाल, एवढी चालण्याची भानगड कशाला? प्रत्येक जंगलात आपापले वाघ सुखाने राहोत. तर याचं उत्तर ओडिशातल्या सिमलीपालने दिलंय. तिथे काळे वाघ दिसतात. म्हणजे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले की अंग काळंच दिसतं. पर्यटकांना भारी वाटतं. पण २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यामागे एका जनुकातला बदल आहे. तो इतर वाघांत जवळजवळ सापडत नाही आणि सिमलीपालमध्ये मात्र मोठ्या प्रमाणात पसरलाय. का? कारण हे जंगल बाकीच्या वाघांपासून तुटलंय. थोड्याशा वाघांची आपापसातच लग्नं! आज पट्टे काळे झाले, उद्या दुसरं काही निघेल जे दिसणारही नाही.

मग आपण काय केलं? २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत नावाच्या दोन वाघिणी सिमलीपालला नेऊन सोडल्या, नवं रक्त यावं म्हणून. त्यातली झीनत डिसेंबरमध्ये बाहेर पडली आणि झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये पोचली. २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात बेशुद्ध करून तिला पकडावं लागलं. अशीच गोष्ट पन्नाची. तिथे वाघ संपल्यावर २००९ मध्ये बाहेरून वाघिणी आणल्या आणि पेंचमधून एक नर. हा पठ्ठ्या पन्नातून निघाला आणि सरळ पेंचच्या दिशेने चालू लागला! वनविभागाची माणसं महिनाभर त्याच्या मागे. शेवटी २५ डिसेंबरला धरून परत आणला. पुढे मात्र तो रमला आणि आज पन्नात पन्नासहून जास्त वाघ आहेत. सारिस्कातही २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ नेला होता.

हे सगळं कौतुकाचंच आहे. पण हा हॉटफिक्स झाला. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर हाताने डेटा घालणं कधीमधी करावं लागतं. पण तीच रोजची पद्धत झाली तर सिस्टीम मोडलीय हे मान्य करायला हवं. ट्रकमधून वाघ ने-आण करणं हा वाटा तुटल्याचा पुरावा आहे.

आणि या वाटांवर जंगल आहे तशी माणसंही आहेत. इथे मात्र विनोद बाजूला ठेवतो.

मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. उन्हाळ्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मेमध्ये तेंदूपत्ता, यावर तिथल्या घरांचा वर्षाचा बराच खर्च भागतो. पानं तोडायची तर पहाटे निघायचं, झुडपात वाकायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं म्हणतात. ते काही असो, गेलेली बाई परत येत नाही. महाराष्ट्रात आता अशा मृत्यूसाठी कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण जंगलात जाण्यावाचून गत्यंतरच नाही त्याला हा आकडा सांगून उपयोग काय?

आपण पुण्या-मुंबईहून लाँग वीकेंडला ताडोबाला जातो, पहाटे जिप्सीत बसतो, वाघ दिसला नाही तर पैसे वाया गेले म्हणून चिडतो. आणि त्याच जिल्ह्यातली एखादी बाई त्याच पहाटे देवाला हात जोडून निघते की आज वाघ दिसू नये. एकाच वाघाबद्दलच्या या दोन प्रार्थना आहेत. वाघ वाढल्याचा आनंद आपला आणि वाढलेल्या वाघांचं भाडं तिच्या खिशातून. हे फार दिवस चालणार नाही. चालूही नये.

आणि ही माणसं वैतागली की काय होतं, त्यासाठी लांब जायला नको. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घालून मारलेले. वाघांनी गुरं मारली म्हणून हे केल्याचा आरोप तिथल्या गुरं पाळणाऱ्या कुटुंबावर झाला. चार वाघ एका फटक्यात. शिकारी टोळी नाही, बंदूक नाही, कातड्यांचा व्यापार नाही. नुकसान झालेल्या माणसाच्या मनात राग साठला की पुरतो. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे जी वाट वाघ वापरतोय ती वाघाची आहे हे कागदावर मान्य करायलाच एवढी मारामारी.

हीच वाट पुढे सह्याद्रीत येते बरं का. दक्षिणेकडून, कर्नाटक-गोव्याच्या जंगलांतून वाघ राधानगरी, चांदोली, कोयनेकडे येतात. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तरी तिथे वाघ टिकून राहत नव्हते. अलीकडे काही नर आपले आपण येऊन राहिले, पण परत तीच ज्ञानगंगेची कथा, वाघीण नाही. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून आपण ज्या डोंगरांकडे बघतो, त्याच रांगेत खाली वाघांचं एक नवं घर मांडलं जातंय. ते टिकेल ते दक्षिणेची वाट उघडी राहिली तरच.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं, "माणसं हलवा ना जंगलातून!" गाभ्यापुरतं यात तथ्य आहे. वाघिणीला पिल्लं वाढवायला शांत जागा लागते, आणि नीट मोबदला, नीट जमीन देऊन, राजीखुशीने गावं हलली तर दोघांचंही भलं होतं. २००५ च्या टास्क फोर्समध्येच हा वाद झाला होता. अहवालाचं म्हणणं, तिथल्या माणसांना बरोबर घेतल्याशिवाय वाघ वाचणार नाही. आणि त्याच समितीतले वाल्मीक थापर यांनी वेगळं मत नोंदवलं की वाघाला वाघाची अशी निर्वेध जागा हवीच. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या जागेबद्दल. गाभ्यात थापर बरोबर. पण वाटेवर काय? वॉकरच्या वाटेवरची गावं हलवायची म्हटली तर निम्मा विदर्भ हलवावा लागेल. तिथे माणूस आणि वाघ दोघं राहणार हे धरूनच आखणी करायला हवी.

आणि ती करता येते. हे मी आशावादी आहे म्हणून नाही सांगत, करून दाखवलंय म्हणून सांगतोय. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरी करताना बराच वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी महाराष्ट्रातल्या सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांना खालून जाता येईल असे नऊ पूल बांधले. त्यातले मोठे ७५० मीटर लांबीचे. वर ट्रक, खाली जंगल. लोक म्हणाले, प्राणी काय पाटी वाचून खालून जाणार? २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावून बघितलं, तर अठरा जातींचे प्राणी खालून जात होते. त्यात अकरा वेगवेगळे वाघ, एकूण ८९ वेळा! पाटी न वाचता.

मला हा ८९ चा आकडा ३६८२ पेक्षा जास्त आवडतो. ३६८२ सांगतो वाघ किती आहेत. ८९ सांगतो ते जिथे जायचं तिथे पोचतायत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या गणनेचा आकडा येईल तेव्हा ग्राफशेजारी अजून तीन आकडे छापा. एका जंगलात फोटो निघालेले किती वाघ दुसऱ्या जंगलात सापडले? पट्ट्यांचा डेटाबेस आहेच, काढणं अशक्य नाही. वाघांमुळे किती माणसं गेली, जिल्हावार? आणि गुरं मेल्याचा पंचनामा झाल्यापासून भरपाई खात्यात जमा व्हायला सरासरी किती दिवस लागले? पहिला आकडा वाढायला हवा, बाकीचे दोन कमी व्हायला हवेत. आणि एखाद्या जिल्ह्यात दुसरा आकडा चढत असेल, तर तिथे वाघ अजून वाढलेच पाहिजेत हा हट्ट सोडायचीही तयारी हवी. चंद्रपूरने वाघांचा वाटा कधीच उचललाय. आता जिथे रिकामी जंगलं आहेत तिथपर्यंतच्या वाटा मोकळ्या करण्याची पाळी बाकीच्यांची आहे.

सारिस्काच्या वेळी कागदावर वाघ होते आणि जंगलात नव्हते. आज जंगलात वाघ आहेत, पण त्यांची वाट आणि त्या वाटेवरची माणसं कागदावर नाहीत. चूक उलटी आहे एवढंच, जात तीच. तेव्हा ती कळायला सगळे वाघ संपावे लागले. या वेळी निदान आपल्याला आधी माहीत आहे.